पॅरिश कौन्सिलचं इलेक्शन: इंग्लंडमधल्या एका मराठी मतदाराचा रिव्ह्यू

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायतीसारखी गावपातळीची संस्था. आधी स्टार देऊन टाकते, ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. मतदार यादीत नाव घालणं, ५ पैकी ५. मतदान केंद्रावरची व्यवस्था, ५ पैकी ५. उमेदवारी अर्ज भरणं, ४. मतमोजणी ५, आणि ती जवळ उभं राहून बघितलीये म्हणून खात्रीने सांगते. उमेदवार कोण आहेत आणि त्यांना करायचंय काय याची माहिती, १. आणि इलेक्शन आहे हे लोकांना कळवणं, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते कारण मे महिन्यात वेगळं झालं आणि नंतरच्या पोटनिवडणुकीत एकदम वेगळं.

बॉयलर सर्व्हिसिंगचा रिव्ह्यू आपण लिहितो, नर्सरीचा लिहितो, मग याचा का नाही? कौन्सिल टॅक्सच्या बिलात बघा, कौंटी, पोलीस, फायर यांच्या खाली पॅरिश किंवा टाऊन कौन्सिलची एक छोटी ओळ असते, त्याला प्रीसेप्ट म्हणतात, ते पैसे आपलेच जातात. त्या पैशातून मुलांच्या झोपाळ्यांची जागा, बस शेल्टर, पायवाटेवरचे दिवे, बाकडी, भाजी लावायचे अलॉटमेंटचे तुकडे, दफनभूमी, गावचा हॉल असलं सगळं चालतं. आणि कोपऱ्यावरच्या शेतात घरं बांधायचा अर्ज आला की पॅरिशचं मत मागवलं जातं, निर्णय वरची कौन्सिल घेते पण मत नोंदलं जातं. आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळची गोष्ट आहे ही, फक्त पैसा आणि अधिकार त्या मानाने खूपच कमी. १८९४ च्या कायद्याने या कौन्सिलं सुरू झाल्या, आज इंग्लंडमध्ये १०,००० च्या आसपास आहेत, टाऊन कौन्सिल पण कायद्याने पॅरिश कौन्सिलच असते, फक्त तिच्या अध्यक्षाला मेयर म्हणतात. बऱ्याच जणांना पॅरिश म्हटलं की चर्च वाटतं, तर चर्चचा आता काही संबंध नाही. आणि काहींना फक्त हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलची ती भांडणाची झूम मीटिंग आठवते, २०२० च्या डिसेंबरमधली, जॅकी वीव्हर बाईंची, २०२१ च्या फेब्रुवारीत सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती ती. सगळ्या कौन्सिल तशा भांडत नाहीत हो.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या माणसाला या इलेक्शनमध्ये मत आहे. वर्क व्हिसावर असा, स्टुडंट असा, डिपेंडंट असा, १८ पूर्ण असेल आणि व्हिसा व्हॅलिड असेल तर मत आहे कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. मी हे आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितलं तर निम्म्या बायकांना ठाऊकच नव्हतं, काहींना तर आठ-दहा वर्षं झालीयेत इथे. "आपण सिटिझन कुठे आहोत" हे एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी. अगं पण लागतच नाही सिटिझनशिप! गावाकडचं मत द्यायचं तर एनआरआयला विमानाचं तिकीट काढून प्रत्यक्ष केंद्रावर जावं लागतं, इथलं मत घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पडून आहे आणि आपण ते सोडून देतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाव घालायला सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटं लागतात. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा, नॅशनॅलिटीमध्ये इंडियन निवडा, झालं. आपल्याकडे नाव यादीत आहे का, कुठल्या बूथला गेलं, लग्नानंतर माहेरच्या यादीतून निघालं का, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना इथलं काम फार सोपं वाटेल. एक फायदा अजून, यादीत नाव असेल तर क्रेडिट स्कोअरला मदत होते, मॉर्गेज घ्यायच्या विचारात असाल तर तेवढ्यासाठी तरी करा. फॉर्ममध्ये ओपन रजिस्टर नको अशी टिक करायची सोय आहे ती करा, नाहीतर तुमचं नाव पत्ता जाहिरातवाल्यांना विकत मिळू शकतो.

२०२३ च्या मेपासून मतदानाला फोटो आयडी लागतो, २०२२ च्या कायद्याने आला तो नियम. इथेही आपली सोय आहे, कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो म्हणजे आपला निळा पासपोर्ट चालतो. यूकेचं ड्रायव्हिंग लायसन्स पण चालतं. काहीच नसेल तर व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण त्याला आधी अर्ज करावा लागतो, मतदानाच्या सहा कामकाजाच्या दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. माझी स्वतःची तक्रार या आयडीच्या नियमावर आहे ती अशी की म्हाताऱ्या लोकांचा बस पास चालतो पण कॉलेजच्या मुलांचं ओळखपत्र चालत नाही, हे मला पटलेलं नाही.

आता उमेदवारीच्या फॉर्मचं सांगते. आमच्यातली एक मैत्रीण गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, आमच्या टाऊन कौन्सिलला उभी राहिली. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) उभं राहायला मात्र नुसता व्हिसा पुरत नाही, भारतीय पासपोर्ट असेल तर इनडेफिनिट लीव्ह टु रिमेन (इथे कायम राहायची परवानगी) लागतं, तिला ते होतं. बाकी अटी म्हणजे १८ पूर्ण, आणि त्या पॅरिशच्या यादीत नाव, किंवा वर्षभर पॅरिशमध्ये किंवा ३ मैलांच्या आत राहणं, किंवा नोकरीचं मुख्य ठिकाण तिथे असणं, यातलं एक तरी. डिपॉझिट शून्य! खासदारकीला ५०० पाउंड लागतात, इथे एक पेनी नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघं त्याच पॅरिशचे मतदार, त्यांचे यादीतले नंबर बरोबर लिहायचे. तिचा सूचक समोरच्या घरातला रिटायर्ड इंग्लिश माणूस, अनुमोदक मी. तिच्या संमतीच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही लागते आणि ती सही मुदतीच्या आधीच्या एका महिन्याच्या आतलीच हवी, हे पटकन लक्षात येत नाही.

अर्ज ईमेलने जात नाहीत, हातानेच नेऊन द्यायचे, २ एप्रिलला दुपारी ४ पर्यंत, ४ वाजून एक मिनिटाने नेला तरी परत. पण इलेक्शन ऑफिसात आधी जाऊन फॉर्म नुसता तपासून मिळतो, ऑफिसातल्या ताईंनी ओळ न् ओळ बोट फिरवून बघितलं, अनुमोदकाच्या नंबरात वॉर्डची दोन अक्षरं राहिली होती ती तिथल्या तिथे दाखवली, आणि चेहऱ्यावर कुठे वैताग नाही. एक स्टार कापलाय तो फक्त यासाठी की २०२५ मध्ये अजून कागद हातात घेऊन नोकरीच्या दिवशी ऑफिसच्या वेळात जावं लागतं, शिफ्टवाल्या माणसाने काय करायचं? पण एक गोष्ट मला फार आवडली. पक्षाचा नसलेला उमेदवार पॅरिशच्या इलेक्शनला आपल्या नावाखाली सहा शब्दांपर्यंत स्वतःचं वर्णन छापून घेऊ शकतो, पक्ष म्हणून खपेल असं काही नसलं म्हणजे झालं. तिने शाळेतल्या पालकांची प्रतिनिधी अशा अर्थाचं लिहिलं. पोस्टर नाही, चिन्ह नाही, पण मतपत्रिकेवर तेवढी ओळख राहते.

आता एक स्टार कुठे दिला ते. उमेदवारांची यादी वरच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर पीडीएफ म्हणून लावतात, नाव, पत्ता (तोही नको असेल तर लपवता येतो), वर्णन, सूचक-अनुमोदक. संपलं. तो माणूस कशासाठी उभा आहे, आधी कौन्सिलवर होता का, मीटिंगला येत होता का, काही नाही. पॅरिशच्या उमेदवारांना फुकट पोस्टाची सोय नसते, पत्रक वाटायचं तर स्वतः छापा, स्वतः दारोदार फिरा. आमच्याकडे पत्रक आलं ते आमच्या मैत्रिणीचं आणि अजून एका पॅनेलचं, बाकीचे कोण होते ते मतपत्रिकेवर पहिल्यांदा वाचलं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तिथे ग्रामपंचायत लागली की दोन्ही पॅनेलच्या सतरा पिढ्या पोरासोरांना पाठ असतात, त्यात बाकीचा जो काही त्रास असतो तो असतोच, पण मतदार अंधारात नसतो. इथे शिकलेसवरलेले लोक आडनाव बघून फुल्या मारतात. नावं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेली असतात, आणि सात-आठ जागांना लोक वरून खाली फुल्या मारत येतात, मग ज्याचं आडनाव यादीच्या तळाला त्याचं काय होणार ते सांगायला नको. त्या कौन्सिलने प्रत्येक उमेदवाराच्या शंभर शब्दांचं एक पान वेबसाइटवर लावलं तरी केवढा फरक पडेल, खर्च काय येणार आहे त्याला?

मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, आणि २०२५ चं नेमकं १ मेला आलं, महाराष्ट्र दिनाला. सकाळी ग्रुपवर जय महाराष्ट्रचे मेसेज चालू होते, मी त्यातच सगळ्यांना आपापलं पोलिंग स्टेशन शोधा म्हणून टाकलं. आमचं स्टेशन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. दाराबाहेर छातीवर पक्षाच्या रंगाची फीत (रोझेट) लावलेली दोन माणसं बसली होती, ती तुमचा नंबर विचारतात, नवीन माणसाला वाटतं सरकारी आहेत, तर नाहीत, पक्षांचे टेलर असतात ते, कुणी मत देऊन गेलं हे टिपतात, सांगायलाच पाहिजे असं काही नाही. आत गेलं की पोलीस नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही. पोल कार्ड (मतदान कधी, कुठे ते सांगणारं, घरी येणारं कार्ड) नसलं तरी अडत नाही, नाव पत्ता सांगायचा, आयडी दाखवायचा. टेबलावरच्या मुलीने माझ्या पासपोर्टचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, थँक यू म्हणून दोन मतपत्रिका दिल्या, वरच्या कौन्सिलची एक रंगाची, टाऊनची दुसऱ्या रंगाची. टाऊनच्या मतपत्रिकेवर ठळक लिहिलेलं असतं की इतक्यापर्यंत उमेदवारांना मत द्या. कमी दिलीत तरी चालतं, एकालाच दिलंत तरी चालतं, जास्त झाली की मतपत्रिका बाद. चुकलीच तर पेटीत टाकायच्या आधी परत द्या, नवीन देतात. फुली मारायला आत दोरीला बांधलेली पेन्सिल. आपल्याकडच्या मशीनची सवय असलेल्या माझ्या सासूबाई (त्या व्हिजिटला आल्या होत्या, बाहेर थांबल्या) म्हणाल्या पेन्सिल खोडली तर? स्वतःचं पेन नेलं तरी चालतं, मी नेलं होतं. व्हीलचेअरसाठी रॅम्प होता, मोठ्या अक्षरातली मतपत्रिका भिंतीवर लावली होती, डोळ्याने अधू असलेल्यांसाठी वेगळं साधन ठेवलं होतं. ज्या गोष्टीला पाच स्टार द्यायचे तिथे हात आखडता घेऊ नये, ही माणसं पहाटेपासून रात्री पेट्या सील होईपर्यंत त्या खुर्चीवर असतात.

मोजणीला मी मैत्रिणीची काउंटिंग एजंट म्हणून गेले, लेझर सेंटरच्या (म्हणजे इथल्या क्रीडासंकुलाच्या) बॅडमिंटन हॉलमध्ये. मला वाटलं होतं गठ्ठे करतील आणि मोजतील. पण एका मतपत्रिकेवर सात-आठ फुल्या असतील तर गठ्ठे कसे करणार? तर करतात असं की एकाच पॅनेलच्या सगळ्यांना मत दिलेल्या पत्रिका वेगळ्या काढतात, आणि मिसळ असलेल्या पत्रिका एका मोठ्या शीटवर एकावर एक सरकवून अशा लावतात की प्रत्येकीची फक्त फुल्यांची पट्टी दिसते. मग उमेदवाराची ओळ धरून फुल्या मोजत जायचं, शेजारची दुसरी बाई तेच परत मोजते, आकडे जुळले तर पुढे. याला ग्रास स्कर्ट म्हणतात. आपल्याला हात लावता येत नाही पण टेबलाच्या अलीकडून प्रत्येक फुली दिसते, शंका आली तर बोलता येतं. एक पत्रिका आली, तिच्यात फुलीऐवजी हसरे चेहरे काढले होते, रिटर्निंग ऑफिसरने (निवडणूक अधिकाऱ्याने) सगळ्यांना दाखवून विचारलं, मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट आहे ना, आहे, मग ग्राह्य. मला ते फार भावलं. आणि मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकून निकाल, अगदी आपल्यासारखाच.

मैत्रीण पडली. थोडक्यात पडली, पण पडली.

तरी आमचं नशीब म्हणायचं की इलेक्शन झालं तरी, कारण या सर्व्हिसचा खरा आजार हा आहे की बहुतेक छोट्या पॅरिशमध्ये ती वापरलीच जात नाही. जागांपेक्षा उमेदवार जास्त नसतील तर मतदान होत नाही, आलेले सगळे बिनविरोध. उरलेल्या जागा कौन्सिल स्वतः माणसं बोलावून भरते, त्याला को-ऑप्शन म्हणतात. म्हणजे पाच जागा असतील, तिघं बिनविरोध आले, त्यांनी ओळखीच्या दोघांना घेतलं, आणि चार वर्षं एकही मत न पडता त्यांनी तुमच्या बिलातली ओळ वाढवली, कायद्याने सगळं बरोबर. बिनविरोध शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे, गावात एकोपा आहे म्हणून पाठ थोपटतात, पण त्याच्या पोटात काय असतं ते आपण २०२१ मध्ये बघितलंच, नाशिकचं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी, पदाचे लिलाव झाले म्हणून राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. आपल्याकडे खुर्ची सगळ्यांना हवी म्हणून बिनविरोध घडवतात, इथे कुणालाच नको म्हणून आपोआप घडतं. मतदाराच्या हातात दोन्हीकडे सारखंच, काही नाही.

आणि लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं त्याचं उदाहरण पण आहे. सॉमरसेटमधलं फ्रोम गाव, २०११ मध्ये तिथल्या अपक्षांच्या गटाने टाऊन कौन्सिलच्या १७ पैकी १० जागा घेतल्या, २०१५ मध्ये १७ च्या १७. लंडनवाल्यांनी आमच्याकडे पॅरिशच नाही म्हणून सुटका करून घेऊ नये, क्वीन्स पार्कच्या रहिवाशांनी मागणी करून स्वतःची कौन्सिल मिळवली, २०१४ मध्ये तिचं पहिलं इलेक्शन झालं.

आता शून्य स्टारचं. निवडून आलेल्यांपैकी एकाने काही महिन्यांतच गाव सोडलं, जागा रिकामी झाली. नियम असा आहे की रिकाम्या जागेची नोटीस लावायची, १४ कामकाजाच्या दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागितलं तर इलेक्शन, नाहीतर को-ऑप्शन. ही नोटीस आमच्याकडे लायब्ररीबाहेरच्या काचेच्या बोर्डात, अलॉटमेंटच्या वेटिंग लिस्टच्या मागे अर्धी झाकलेली, मैत्रिणीला दिसली ती मुलाची पुस्तकं परत करायला गेली होती म्हणून. आम्ही दहा सह्या केल्या. त्यावर काही लोकांनी चांगलंच ऐकवलं, की पोटनिवडणुकीचे काही हजार पाउंड कौन्सिललाच भरावे लागतात, एवढ्यात झोपाळे नवीन झाले असते, तुमच्या हौसेपायी कशाला. हा मुद्दा खोटा नाही. मी त्यावर बराच विचार केला. पण मग चार वर्षांच्या इलेक्शनचा पण खर्च वाचवा ना, तेही करू नका! दहा जण लेखी मागतायत म्हणजे गावाला निवड करायचीये, आणि निवडीला पैसे लागतात, मी माझ्या वाट्याचे आनंदाने देते.

पण पुढे जे केलं ते मला अजून खटकतं. पॅरिशच्या पोटनिवडणुकीत घरोघरी पोल कार्ड पाठवायचं की नाही हे कौन्सिलने सांगायचं असतं, त्यांनी मागितलं तरच पाठवतात. आमच्यांनी पैसे वाचवायला मागितलं नाही. मतदान कधी, कुठे, कशाचं, हे सांगणारा कागद एकाही दारात पडला नाही, फक्त परत त्याच काचेच्या बोर्डात नोटीस. हॉल उघडला, माणसं बसवली, पेट्या आणल्या, पंधरा तास दिवे जाळले, एवढा सगळा खर्च केला आणि सांगायचंच राहिलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा हॉलमध्ये मी आणि मत घेणारे एवढेच. समोरच्या काकांना, जे तिचे सूचक होते त्यांना सुद्धा मी दार वाजवून सांगितलं तेव्हा कळलं, आणि ते तर प्रत्येक इलेक्शनला सूट घालून जाणारे.

या वेळी मैत्रीण निवडून आली. पेढे वाटले, मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळं केलं. पण तिचं स्वतःचं म्हणणं हेच की आपण जिंकलो ते ज्यांना आपण फोन केले त्यांच्या मतांवर, ज्यांना कुणाचाच फोन गेला नाही त्यांचं काय. मीटिंगचा अजेंडा पूर्ण तीन दिवस आधी लावावा लागतो, म्हणून तिने क्लार्कला वेळेत पत्र देऊन पहिल्याच मीटिंगला विषय घातलाय की यापुढे आमच्या गावात प्रत्येक पोटनिवडणुकीला पोल कार्ड मागवायचंच. मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, पब्लिकला बोलायला सुरुवातीला वेळ देतात आमच्याकडे. मी जाणार आहे, गावातलं कुणी वाचत असेल तर तुम्ही पण या, ठराव झाला की स्टार बदलते.